गाडीतली पुढची जागा

पेंढ्याचा वास आला की मला ती छपराची बैलगाडी आठवते. लग्नाचं दुसरं वर्ष होतं, आणि आमच्या घरच्या पुरुषांनी ती कल्याणात तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. गाव बघायचं, खाडी बघायची, मग अंबरनाथचं देऊळ, आणि रात्री गाडीतच पेंढ्यावर निजायचं. पुरुष गाडीबरोबर पायी चालत. पुढची जागा थोरल्या जाऊबाईंची, कारण त्या थोरल्या. मी मागे, भांड्यांना टेकून, धूळ खात. "तो बघा मलंगगड," असं बाहेरून कुणी म्हणालं की मला दिसे ती त्यांच्या अंबाड्यावरची अबोलीची वेणी. तिचा मी दोन दिवस मनापासून द्वेष केला. तिसऱ्या दिवशी मोठा उतार लागला. "बैलांच्या मानेवर भार येतो, पुढच्या बाईंनी मागं सरा," गाडीवान म्हणाला. जाऊबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. घामाने भिजल्या होत्या. "पुढे बसलं की भोवळ येते गं मला. डोळे मिटूनच असते. तुझी जागा किती बरी." मी म्हटलं, "मग मी बसते की पुढे." "धाकटी पुढे, आणि मी भांड्यांत?" त्या म्हणाल्या, आणि उतार संपताच पुन्हा पुढे जाऊन बसल्या. दया यायला हवी होती. मला रागच आला. आता घरात थोरली मीच. परवा गाडीत चढताना धाकट्या सुनेने हळूच विचारलं, "आज मी बसू का पुढे?" मी नाही म्हटलं, आणि डोळे सताड उघडे ठेवून पुढे बसले.