लंकाबाईचं हलकं डोकं

पाथर्डी तालुक्यातल्या लंकाबाईनं ऊसतोडीचे बावीस हंगाम काढले. देवळाली प्रवरेकडच्या फडांत ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन, वीतभर रुंदीच्या फळीवरून ट्रकवर चढायची. तेही गुमान नाही. खालच्या बायांशी भांडत भांडत. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, तोड सुटली, आणि एक भलतंच झालं. नव्या घराच्या स्लॅबवर ती कुरडयांची पाटी डोक्यावर घेऊन टकाटक चढली. पाटी खाली ठेवली आणि पाय लटलटायला लागले! शेवटी बसल्या बसल्या, एकेक पायरी ढुंगणानं सरकत खाली आली. कुरडया कावळ्यांनी खाल्ल्या. त्यानंतर तीन वर्षं तिनं स्लॅबचं नाव काढलं नाही, आणि नवरा अजिनाथ मात्र ही गोष्ट पारावर चवीनं सांगायचा.

अशी ही बाई विमानात बसायला निघाली, कारण इलाजच नव्हता. लेक धनश्री हैदराबादला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण रक्तदाब चढला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिझर ठरवलं. जावयानं शिर्डीहून विमानाची दोन तिकिटं मोबाईलवर धाडली. धनश्री फोनवर रडली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराशी पाहिजेस."

लंकाबाई स्वतः धनश्रीच्या वेळी फडावरच्या पाचटाच्या कोपीत बाळंत झाली होती आणि तिची आई पोचली होती सहाव्या दिवशी. ते ती विसरली नव्हती. "येते की," ती म्हणाली. "इमान म्हंजी काय, मोठा ट्रकच."

डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्यांची दुपटी यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती विमानाची शिडी झरझर चढली. दारातल्या मुलीनं ते हसून उतरवलं आणि वरच्या कप्प्यात कोंबलं. झालं! लंकाबाईचे पाय लटलट. विमान नुसतं सरकायला लागलं, तोच ती उठून उभी.

"थांबवा! मला उतरू द्या!"

"मावशी, खाली बसा. पुन्हा उठलात तर विमान मागं न्यावं लागेल आणि तुम्हांला उतरवावं लागेल."

"आगं बस," अजिनाथ कुजबुजला. "पोरगी वाट बघतीय."

"मला म्हाईत न्हाई व्हय? पाय ऐकत न्हाईत!" ती मटकन बसली. मग एकदम म्हणाली, "आवं, शिडीवर तर मी बरी हुते. गाठोडं काढलं अन् मुंडकं हलकं झालं. स्लॅबवर बी आसंच झाल्तं! डोक्यावर वझं पायजे. ताई, माझं गाठोडं द्या."

"आत्ता नाही देता येणार, मावशी."

"मग तुमी दाबा."

"काय?" अजिनाथ म्हणाला.

"माझं डोकं! दोन्ही हातांनी!"

अजिनाथनं इकडंतिकडं पाहिलं आणि लाजत बायकोच्या डोक्यावर हात ठेवले.

"आशीर्वाद देताय व्हय? जोर लावा! चार कांड्यांचं बी वझं न्हाई हे!"

त्यानं दात-ओठ खाऊन दाबलं. लंकाबाईची मान ताठ झाली, पाय थांबले. विमान धावायला लागलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बाबा भूत उतरवतात का?" दारातली मुलगी आपल्या जागेवरून ओरडली, "काका, हात खाली!"

खिडकीपाशी केडगावच्या स्टेलाबाई होत्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. त्यांनी चष्म्यावरून त्या मुलीकडं पाहिलं. "मी छत्तीस वर्षं सिस्टर होते. हा उपचार आहे. चालू द्या." त्यांचा आवाजच असा, की मुलगी "बरं, सिस्टर," म्हणून मोकळी झाली.

विमान उडालं. ढगांत हेलकावे होते, त्यामुळं पट्टा बांधायचा दिवा काही विझला नाही आणि गाठोडं वरच राहिलं. अजिनाथनं जरा हात सैल केले की लंकाबाई खेकसायची, "मोळी घसरली!" तो पुन्हा दाबायचा. स्टेलाबाईंनी लाडवांची कृती विचारली. ती लंकाबाईनं सविस्तर सांगितली. मग ती खिडकीतून वाकून खाली पाहायला लागली. वाकली तरी अजिनाथचे हात डोक्यावरच.

"आवं, ती तळी बघा! आन् फड केवढुसे! इथून मुकादम सापडायचा बी न्हाई!"

"मला काय दिसतंय? तुझं टाळकं दिसतंय!" अजिनाथ घामाघूम झाला होता.

हैदराबादला उतरल्यावर त्यानं हात काढले. ते खाली येईनात, खांद्यापाशीच अडकले. "भ्या गेलं का?" त्यानं कण्हत विचारलं.

"ते कवाच गेलं. लाडवात डिंक किती घालायचा ते सांगत हुते न्हवं, तवाच."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तुमी हात काढले आसते. आन् पारावर स्लॅबची गोष्ट कोन सांगत हुतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्रीला आत नेलं, तेव्हा लंकाबाई दाराशी होती. तासाभरात मुलगी झाली. दोघींना खोलीत आणल्यावर अजिनाथ पुढं सरसावला, पण त्याचे हात कोपरापर्यंतसुद्धा उचलेनात. बाळ लंकाबाईनंच घेतलं.

धनश्री खाटेवरून बापाकडं बघत राहिली. "आबा, हातांना काय झालं? विमान ढकलत आणलंत काय?"