खिंडीतली काकडीवाली

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दुपारइतका हादरलो नाही.

भाद्रपदाचे दिवस होते. रोह्याहून नागोठण्याकडे येताना खिंड लागते. तेव्हा डोंगर तेरड्याने भरलेला असतो आणि माणसं गाड्या कडेला लावून फोटो काढत बसतात. बाराच्या सुमारास ठाण्यात फोन आला, "साहेब, खिंडीत पोर चोरणारी बाई पकडलीय. लवकर या, नायतर लोक मारून टाकतील तिला."

पोहोचलो तर माणसांच्या गराड्यात वाडीवरची एक बाई बसलेली. ओठ फुटलेला, पोलकं फाटलेलं, विकायला आणलेल्या काकड्या रस्ताभर. शेजारी पेणचं एक जोडपं. नवरा डोलवीच्या कंपनीत कामाला. रोह्याजवळ वरसेला मेव्हणीकडे दोन दिवस राहून दोघं घरी निघाले होते.

"आम्ही फोटोला उतरलो," नवरा म्हणाला. "तीन महिन्यांची पोर मागच्या सीटवर झोपलेली. परत येतो तर नाय. जवळ हीच बाई व्हती."

बायको पदरात तोंड घालून रडत होती. मी नाकाबंदी लावली, रानात माणसं पाठवली आणि जोडप्याला नि काकडीवालीला ठाण्यात आणलं. टोळी असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

"पोर कुणाच्या हातात दिलीस?"

"काकड्या इकत व्हते, साहेब. पोर बघितली पन नाय."

मी टेबलावर हात आपटला. तिने अंग चोरलं. मग हळूच विचारलं, "गावली का पोर, साहेब?" बाई बनेल आहे, असं मी मनात म्हटलं.

तासाभराने आमच्या महिला हवालदार गाडीचा पंचनामा करून आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, तान्हं पोर घेऊन निघालेली बाई लंगोट-दुपट्यांची पिशवी घेतल्याबिगर उंबरा ओलांडत नाय. ह्या गाडीत एक लंगोट नाय."

दोन मुलांचा बाप असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवलं. पोरीच्या अंगात काय होतं, एवढंच विचारलं. नवरा म्हणाला, पिवळं झबलं. बायकोने पुन्हा पदर तोंडाला लावला. हवालदारबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती फुटली.

"चोरीला नाय गेली ती. ताईकडे हाय."

बहिणीला बारा वर्षं मूल नव्हतं. ह्यांची ही दुसरी मुलगी. दोघांनी राजीखुशीने ती बहिणीच्या ओटीत घातली होती. बहीण आणि तिचा नवरा पुढच्या आठवड्यात कायमचे सुरतेला चालले होते. पण पेणला म्हातारी सासू होती. आपली नात दुसऱ्याला दिलेली तिने जन्मात सहन केली नसती. म्हणून पोर वाटेत चोरीला गेली, असं तिला सांगायचं ठरलं होतं.

मी नवऱ्याला विचारलं, "म्हणून ह्या बाईचं नाव घेतलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वळणावर ती बसलेली दिसली. सुचलं तसं बोललो. लोक मारतील असं नाय वाटलं, साहेब."

सुचलं! मला खरंच धक्का बसला. हा कुणी सराईत गुन्हेगार नव्हता, शिफ्ट करून घर चालवणारा साधा माणूस होता. पाच मिनिटं उशीर झाला असता तर त्या बाईचं प्रेत उचलावं लागलं असतं.

रोह्याच्या पथकाचा निरोप आला. मुलगी वरसेला पाळण्यात सुखरूप होती. नवऱ्यावर खोट्या फिर्यादीची कारवाई केली, मुलीचं पुढचं बालकल्याण समितीकडे सोपवलं.

काकडीवालीला सोडायला मी स्वतः उठलो. माफी कशी मागतात हे वर्दीत शिकवत नाहीत. माझ्या आधी तीच बोलली.

"पोर हाय ना बरी?"

"हाय," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणत तिने रिकामी पाटी उचलली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगी हरवली म्हणून रडणारी आई ठाण्यात दोन तास बसली होती, पण 'सापडली का?' असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त काकडीवालीने, आणि तिलाच मी बनेल ठरवलं होतं.

निवृत्तीनंतर रोह्याला लेकीकडे जातो. येताना त्या वळणावर बायको म्हणते, "थांबवा की, काकड्या घेऊ." मी आजवर गाडी थांबवलेली नाही.