मागून ओढलेला कुर्ता

आज चर्चमध्ये गाण्यासाठी सगळे उभे राहिले, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी शेजारच्या मुलीचा कुर्ता मागून हळूच खाली ओढला. मुलगी माझ्यासारखीच जाड. बहुधा त्यांचीच लेक, कारण तिनं मान न वळवता तो हात झटकला.

माझी आईही असंच करायची. बाकावरून उठलं की माझा कुर्ता कमरेशी गोळा व्हायचा, आणि गाण्याची पहिली ओळ संपायच्या आत ती तो सरळ करायची.

“आई, लोक बघतात.”

“म्हणूनच ओढते.”

माझे कपडे तीच शिवायची. अंग झाकलं जावं, पण गोणपाट घातल्यासारखं दिसू नये, एवढंच तिचं म्हणणं. “देवानं दिलेलं अंग आहे, शोभायला नको?”

उन्हाळ्यात आई गेली. कॉलेजच्या गावातल्या या चर्चमध्ये मला अजून कुणी ओळखत नाही. आजचा कुर्ता तिनं शिवलेला शेवटचा. तो मागे गोळा झालाय, हे मला कळत होतं. पण मी गीतांचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत तशीच उभी राहिले, उगाच वाट बघत.