धुवण

"त्या बाटलीपासूनच विसरायला लागले हो ते..." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेजारणीला हळू आवाजात सांगत होत्या. सरांना जाऊन महिना झाला होता. मी वारज्याच्या त्यांच्या घरी दारात चपला काढत होते. एक पायातच राहिली.

सर भूशास्त्राचे. त्यांच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. खोल समुद्राच्या तळाची वाळू आम्ही तपासायचो. तिथल्या पाण्यातून दाण्यावर लोह-मँगनीजचा अगदी पातळ थर बसतो. दाणा कुठल्या जमिनीवरून आला ते दाण्यावरून कळतं. पण तेव्हा तळाशी कुठल्या महासागराचं पाणी वाहत होतं, ते कळतं त्या थरावरून. सर तो थर सौम्य आम्लात उतरवून घ्यायचे. "दाण्याला काय विचारायचं? तो आपल्या गावाचंच कौतुक सांगणार," असं म्हणायचे. मी हसायचे, विचारायचे मात्र कधीच काही नाही. "अहो बाई, प्रश्नाची वेगळी फी नाही आपल्याकडे!" सर चिडवायचे.

एकदा ते वर्गावर गेले असताना ओट्यावर एक बाटली दिसली. चिठ्ठीवर मराठीत लिहिलेलं : धुवण. माझी शाळा इंग्रजी. वाटलं, धुवायची बाटली. मी ती बेसिनमध्ये ओतली, विसळली, भिजलेली चिठ्ठी काढून टाकली, पालथी घातली.

"मीच कुठेतरी ठेवली," सर म्हणाले. कपाटं, फ्रीज, सगळं पालथं घातलं... मला साधं विचारलंही नाही. तसे दाणे पुन्हा मिळणारे नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला गेले. काकू कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी ओतत म्हणाल्या, "तांदळाचं धुवण आहे, फुकट कशाला घालवायचं?" तेव्हा मला शब्द कळला, आणि त्या बाटलीत थर उतरवलेलं आम्ल होतं हेही. तोवर सरांच्या खिशात चिठ्ठ्या आल्या होत्या. किल्ली. गोळी. एकीवर माझं नाव. मग त्यांनी प्रयोगशाळेत येणंच सोडलं. "विसरभोळ्याच्या हाती नमुने नकोत," म्हणाले. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी वारज्याला गेले, आणि चहा पिऊन परत आले.

शेजारीण गेली. काकूंनी तांदूळ धुतले आणि सवयीने पातेलं माझ्या हातात दिलं. "कुंडीत घाल गं तेवढं."

गढूळ पांढरं पाणी हलत होतं. मला ओतवेना.

"काकू, सर काहीच विसरले नव्हते... ते धुवण मी ओतलं."