शेजारी ठेवलेले देव

बायको गेली आणि घराला सुतक लागलं. सुतकात घरच्या देवांना हात लावत नाहीत, म्हणून शेजारच्या काकू आमचे देव तेरा दिवस त्यांच्याकडे घेऊन गेल्या. चौदाव्या दिवशी मी आणायला गेलो, तर दारातच विचारतात, "तुमच्याने होईल का रोजची पूजा? नाहीतर राहू देत इथेच." प्रश्न रास्त होता. बरखेड्यातल्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टरांच्या रांगेत माझ्याइतका तोंडाळ नास्तिक दुसरा नव्हता. बायको पूजेला बसली की मी मुद्दाम टीव्ही मोठा करायचो.

"होईल," म्हणालो खरा, पण घरी आल्यावर घाबरलो. अन्नपूर्णा तांदळात बसवतात हेही मला ठाऊक नव्हतं. मी तिला तशीच पाटावर आडवी ठेवली होती. काकूंनी येऊन नीट बसवली. मग रोज शिफ्टला जाण्याआधी मी अंघोळ करून देवांसमोर बसू लागलो. मंत्र येत नव्हते. "ती कुठे आहे? बरी आहे का?" एवढंच विचारायचो आणि रडायचो. दिवसभरात जीव हलका व्हायचा तो तेवढाच.

कारखान्यात हे कळायला वेळ लागला नाही. आम्ही तिघं मित्र वीस वर्षं सोनागिरीच्या टपरीवर चहा पीत देवाधर्माची टर उडवत आलेलो, आणि त्यात सर्वांच्या पुढे मीच. आता रागवायचं तरी कुठल्या तोंडाने? "पंडितजी, आमच्या प्रमोशनचंही वरती बोलून टाका ना," एक म्हणायचा. मी हसून घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे बसताना लाज वाटायची. असंच चाललं तर एक दिवस मी उठेन आणि पुन्हा बसणार नाही, अशी भीती वाटायची.

एका रविवारी दोघं घरी आले. पहिला तडक देवघराशी गेला, बाळकृष्ण उचलला आणि तळहातावर झुलवत म्हणाला, "अबे, एक बात बता. वहिनीला वाचवलं का याने?"

माझं डोकं सणकलं. तोच प्रश्न माझ्याही मनात रोज येत होता, देवापुढे तो विचारायचा धीर मात्र होत नव्हता. मी त्याच्यावर हात उचललाच असता.

"ठेव खाली," तोंडातून निघालं. "बाहेरून आलास तो तसाच. हात तरी धुतलेस का?"

तो दचकला. मीही दचकलो. सव्वीस वर्षं हे वाक्य मी तिच्याकडून ऐकत आलो होतो, अगदी याच चिडक्या आवाजात.

त्याने बाळकृष्ण जपून जागेवर ठेवला आणि निमूट आत गेला. नळाचा आवाज आला, मग तो हात पुसत परत आला. मी त्या दोघांच्या देखत देवापुढे बसलो आणि मोठ्याने रडलो.