टॉवर कुठल्या राज्याचा

सीमेजवळच्या मुरुम गावात बातमी पोचवायला मोबाईल लागत नाही, रुद्रम्मा पुरते. सकाळी बोअरवर पाण्याला गेली की कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं इथपासून कुणाची सोयरीक का मोडली इथपर्यंत सगळं घरोघर पोचतं, तेही रिचार्ज न मारता. तरी तिच्या लेकानं, नंदीशनं, हौसेनं तिला बटणांचा फोन घेऊन दिला आणि म्हातारीच्या तोंडी नवे शब्द आले. रेंज म्हणजे तिच्या लेखी जावई; आली तर आली, नाही तर अंगणात उभं राहून वाट बघायची. सिम म्हणजे फोनचं आडनाव. आणि टॉवर म्हणजे बांधावरचा दगड, ज्याच्या हद्दीत रोवला त्याच्याच माणसांचा. महाराष्ट्राच्या सिमला महाराष्ट्राचा टॉवर, कर्नाटकाच्या सिमला कर्नाटकाचा. हे गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि चुकीचं आहे असंही कुणी सांगितलं नव्हतं.

याच गणितानं घात केला.

सून शिवप्रिया सीमेपलीकडची, आळंदची. घरात कानडी, दारात मराठी, सासूला 'अत्ती', असा दोघींचा कारभार सुरळीत चालला होता. मग शिवप्रियाच्या भावानं, मल्लेशनं, नवं घर बांधलं. वास्तुशांतीला पहिली पंगत बसली आणि रुद्रम्माला कुणी बसा म्हटलं नाही. मल्लेश आचाऱ्याशी भांडण्यात गुंतला होता, पण विहीणबाईंना ते काय माहीत! त्या उपाशीपोटी मुरुमला परतल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तुझा भाऊ माझ्या दारात येऊन चुकलं म्हणंपातूर तू त्या गावात पाय ठेवायचा न्हाय."

शिवप्रियानं वाद घातला नाही. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि शपथ वाहिली. मल्लेश काही आला नाही, तोही बहिणीसारखाच हट्टी. पुढं शिवप्रियाची आई न्हाणीत घसरली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. तरी ही गेली नाही. मागच्या परसात उभी राहून फोनवर आईशी बोलायची आणि डोळे पुसून भाकऱ्या थापायला बसायची. हे रुद्रम्मानं पाहिलं होतं. पाहूनही मल्लेशला एक फोन करावा असं तिच्या मनात आलं नाही. मान मोठा असला की मन आखडतं.

शिवप्रिया शिवेवरच्या एका गावात बायकांना शिवण शिकवायला जायची. वर्ग भरायचा ओढ्याच्या उतारावरच्या पत्र्याच्या खोलीत. श्रावणातल्या एका दुपारी तिला यायला उशीर झाला, म्हणून रुद्रम्मानं फोन लावला. फोनमधली रोजची मराठी बाई बोललीच नाही. कुणी दुसरीच बाई स्वच्छ कानडीत म्हणाली, "चंदादाररु व्याप्ति प्रदेशद होरगिद्दारे." म्हणजे तुमचा माणूस आमच्या टप्प्याबाहेर आहे.

पुण्या-नाशकाच्या माणसाला यातलं अक्षर कळलं नसतं. त्यानं चुकून लागला म्हणून फोन ठेवला असता आणि सुखानं चहा प्याला असता. रुद्रम्माला मात्र शब्दन् शब्द कळला, तेच तिचं दुर्दैव. तिनं परत लावला, परत कानडी. फोन कर्नाटकातला बोलतोय म्हणजे सून कर्नाटकात. कर्नाटकात म्हणजे आळंदला. आणि आळंदला म्हणजे लिंगाची शपथ मोडून.

शिवप्रिया घरी आली ती पिशवीत कापडाचे तुकडे घेऊन, घामाघूम.

"कुठं गेलतीस?"

"वर्गाला, अत्ती. एकीची मशीन अडकली होती, म्हणून वेळ झाला."

"फोनमधली बाई कानडी बोलत होती."

शिवप्रिया हसली, तिला खरंच गंमत वाटली. "तिथं पलीकडचा टॉवर जवळ पडतो, अत्ती. फोन जवळचा टॉवर धरतो, राज्य बघत न्हाय. रोमिंग म्हणतात त्याला. वर बारीक इंग्रजी आर येतो बघा."

"माणसानं खोटं बोलावं, मशीन कशाला बोलंल?"

"मशीन खोटं बोलत न्हाय. तुमी त्याचा अर्थ उलटा लावताय."

हे वाक्य रुद्रम्माला झोंबलं. आपल्याला अर्थ लावता येत नाही? जिनं चार गल्ल्यांचे अर्थ लावले तिला? सोमवारी बसवेश्वराच्या देवळात बिल्वपत्रं निवडताना तिनं सगळ्या बायकांसमोर अर्थ लावून दाखवला. "आमच्या घरात आता लिंगाची शपथबी शिळी झाली बघा." बायकांचे हात थांबले. कुणीतरी 'शिव शिव' म्हटलं. बिल्वपत्रं तशीच राहिली आणि बातमी मात्र निवडून, धुऊन घरोघर गेली.

संध्याकाळी शिवप्रिया पूजेचं ताट घासायला घेणार, तोच रुद्रम्मानं ते ओढून घेतलं. "याला हात लावू नको."

नंदीश तिथंच होता. "यव्वा, ती सांगती ते खरं हाय, टॉवरचं तसंच असतंय," एवढं म्हणाला आणि ट्रॅक्टरच्या पार्टाचा फोन आला म्हणून बाहेर गेला. आमच्याकडं नवऱ्यांना नेमक्या वेळेला रेंज येते.

सकाळी शिवप्रियानं पिशवी भरली. रडणं नाही, भांडण नाही. उंबऱ्यात वाकून सासूच्या पायाला हात लावला. "मोडली मोडली म्हणताय, तर आता मोडूनच येते. आईला बघितल्याला लई दिस झाले." आणि आळंदची बस धरली.

रुद्रम्मानं पहिले काही दिवस 'बघा, मी म्हणत होते' यावर काढले. पण नंदीश दिवसभर ट्रॅक्टरवर, ऐकायला घरात कुणी नव्हतं. भाकरी एकटीला गोल जमेना. एका दुपारी ती शिवेलगतच्या रानात मुगाच्या शेंगा तोडायला गेली. सूर्य कलला तरी ती परतेना, म्हणून नंदीशनं फोन लावला, आणि थोड्याच वेळात धुरळा उडवत मोटारसायकल बांधावर आली.

"यव्वा, कर्नाटकात कधी गेलतीस गं?" नंदीश हसत होता. "तुझा फोन लावला तर कानडी बाई बोलली!"

रुद्रम्मानं कमरेचा फोन काढला. रेंजच्या काड्यांच्या शेजारी बारीक आर बसला होता. ती आपल्याच रानात, आपल्या सासऱ्यानं बांधलेल्या तालीच्या बांधावर उभी होती. शेंगांची ओटी तिच्या हातातून सुटली. नंदीशचं हसू तिच्याकडं बघून विरलं.

"म्हंजी ती गेली नव्हती," रुद्रम्मा म्हणाली.

"मी सांगितलं होतं की."

"बारीक आवाजात सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आळंदच्या बसमध्ये बसली. मल्लेशनं दार उघडलं, दचकला, धावत जाऊन पायावर घालायला तांब्या आणला. "अत्ती, त्या दिवशी चुकलंच. पंगतीत ध्यान न्हवतं माझं." ज्या शब्दांसाठी एवढं रामायण झालं ते शब्द दारातच, फुकट मिळाले, आणि रुद्रम्माला त्यांचं काय करावं कळेना. "असू दे रे," म्हणून ती आत गेली.

शिवप्रिया आईला पेज भरवत होती. चमचा थांबला नाही.

"चुकलं माझं. टॉवरचं मला ठावं न्हवतं. चल घरी."

"टॉवरचं ठावं नसणं चूक न्हाय, अत्ती. मी कशी हाय ते ठावं होतं की. किती वर्षं एका चुलीवर रांधलं?" तिनं आईचं तोंड पुसलं. "आई उठून बसू लागली की येईन. पण देवळात बोललात ते देवळातच सांगा. त्याबिगर मी त्या दारातनं आत यायची न्हाय."

सोमवारी रुद्रम्मा देवळात उभी राहिली. गल्लीनं तिला आजवर कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. "माझी सून खरी हाय," ती म्हणाली. "खोटी मी. फोन जवळचा टॉवर धरतोय, त्याला आपली शीव कळत न्हाय. माझाच फोन रानात कानडी झाला." बायकांनी माना हलवल्या. "व्हय व्हय, टॉवरच असंल," म्हाळसाबाई म्हणाली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. पायऱ्या उतरताना कुजबुज झालीच: "घरात भाकरी थापायला कुणी न्हाय, मग काय करील बिचारी! सून परत आणायला टॉवर उभा केला."

खोट्या बातमीला ज्या रुद्रम्माचं नाव पुरलं होतं, तेच नाव खऱ्या बातमीला पुरेना.

आता ती रोज एकेका घरी जाते. पाण्याच्या निमित्तानं नाही, मुद्दाम, सून खरी होती हे पटवायला. गल्लीनं तिचं नाव 'रोमिंगवाली' ठेवलंय, ते तिला माहीत आहे. शिवप्रियाची आई उशीला टेकून बसू लागल्याचा निरोप आलाय, सुनेच्या येण्याचा मात्र नाही. काल ती म्हाळसाबाईच्या ओट्यावर बसली होती, फोन पुढं धरून.

"ह्या काड्या दिसत्यात न्हवं? ह्येच्या बाजूला बघ..."

"बसा, चहा टाकते," म्हणत म्हाळसाबाई आत गेली, आणि बराच वेळ आतच राहिली. रुद्रम्मा फोन तसाच धरून बसून राहिली.