हॉटेलातली गाण्याची पेटी

रायपूर राजधानी झालं हे बाकीच्यांनी पेपरात वाचलं. मी ते पोत्यांत पाहिलं. भोपाळहून फायली पोत्यांत भरून येत होत्या आणि त्या सोडून, झटकून नव्या रजिस्टरात चढवायचं काम सचिवालयातल्या आमच्या शाखेकडे होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे ते नऊ दिवस दोन वर्षं संपले नाहीत. संध्याकाळी बीरगांवच्या घरी पोहोचेपर्यंत माझ्यात बोलायचंही त्राण उरत नसे.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबांनी उभा जन्म स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या काउंटरवर काढला. राजधानीचे रस्ते रुंद व्हायचे ठरले, त्यात ते हॉटेल गेलं आणि मालकांनी निरोप घेताना तिथला जुना ज्यूकबॉक्स बाबांना देऊन टाकला. बाबा त्याला पेटीच म्हणत. वर काच, आत ओळीनं उभ्या लहान तबकड्या, पुढे बटणं. बटण दाबलं की आतला हात सरकत जायचा, हवी ती तबकडी उचलायचा, वाजवायचा आणि जागच्या जागी ठेवून द्यायचा. असं बाबा सांगत. आमच्या व्हरांड्यात आला तेव्हा तो नुसता घूंघूं करायचा आणि गप्प व्हायचा.

मी त्याच्या वाटेला गेले नसते. पण राखीच्या सुमारास कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचा डावा कान गेलाच आहे, उजवाही वर्षभरात जाईल, आणि कानातल्या मशीनचा फार उपयोग नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा म्हणाले, "जाऊ दे. जायच्या आधी त्या पेटीतलं एखादं गाणं ऐकाले भेटलं असतं तं बरं झालं असतं." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे लग्न कर, आणि ती मी मनावर घेतली नव्हती.

मला फ्यूज बांधता येत होता, तेवढीच माझी विद्या. दुरुस्तीला कोणी यायला तयार नाही. पुरानी बस्तीत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक सापडले, पण त्यांचे गुडघे गेलेले. ते स्टुलावरून हलायचे नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी तिथे शिकले. मी लक्षणं सांगायची, त्यांनी औषध सांगायचं. त्यांचा एकच नियम होता: "दीदी, एक बार में एक ही चीज़ बदलना. दो बदलोगी तो पता कैसे चलेगा कि बीमारी किसमें थी?"

पहिल्याच आठवड्यात मी तो नियम मोडला. आतलं वंगण वाळून गुळासारखं घट्ट झालं होतं. ते खरवडून काढलं आणि मग उत्साहाच्या भरात शिवणयंत्राचं तेल दिसेल त्या ठिकाणी सोडलं. तबकडी फिरवणाऱ्या रबरी चाकालाही. ते चाक घसरायला लागलं आणि तबकडी म्हशीच्या चालीनं फिरू लागली. पुन्हा मेकॅनिककडे. ते हसले नाहीत, आपला नियम पुन्हा एकदा म्हणून दाखवला, तेच जास्त लागलं. चाक स्पिरिटनं पुसलं, बारीक पॉलिश पेपरनं घासलं, तेव्हा कुठे ते पकड घ्यायला लागलं. एकदा प्लग काढून ठेवलेला असतानाही असा झटका बसला की खांद्यापर्यंत हात बधिर झाला. आत वीज साठून राहते, हे मेकॅनिकनी त्यानंतर सांगितलं.

आणि धूळ. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांकडचा वारा सुटला की आमच्या गच्चीवर काळी पूड बसते. घरातल्या बाईला ती फक्त झाडायची असते. पण ती लोखंडाची. नाण्याच्या खाचेमागच्या चुंबकाला तिची चांगली दाढी फुटली होती आणि सुईच्या मागे, जिथे केसही मावायचा नाही, तिथेही ती जाऊन चिकटली होती. काडीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून मी ती कणाकणानं टिपली. चार संध्याकाळी त्यात गेल्या. कशाला हा उद्योग, असं मी रोज स्वतःला विचारत होते आणि रोज पुन्हा स्क्रू फिरवायचा पेचकस हातात घेत होते.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसत. मी बोट दाखवीन तिथे टॉर्च धरत. बोलणं नसेच. "जेवलात?" "हव." "गोळी घेतली?" "हव." बास.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी, बाबा दुपारी झोपले असताना, आवाज मोठा करणारा डबा मी पेटीतून काढला आणि ऑटोत घालून पुरानी बस्तीत नेऊन दिला. त्याची परीक्षा मेकॅनिकच करणार होते. उगाच आशा नको, म्हणून बाबांना सांगितलं नाही.

रविवारी सकाळी नुसती यंत्राची चाल बघायला मी बटण दाबलं. हात सरकला, थांबला, तबकडी उचलली, फिरवली, सुई अलगद टेकली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा एकही गोष्ट अडकली नाही. मी आनंदानं वळले, तर बाबा डोळे मिटून बसले होते आणि गुडघ्यावर बोटानं ताल धरत होते.

"आला, आवाज आला!" ते म्हणाले. "वा! झालं पोट्टी तुझं काम. आता बंद कर हा नाद, अन् झोप थोडी."

पेटीत आवाज काढणारं काहीच नव्हतं. मला आधी रागच आला, माझी थट्टा करतात की काय म्हणून. "बाबा, डबा तर दुकानात आहे," मी म्हटलं. ते मान डोलावतच राहिले. उजव्या कानाशी जाऊन मी ओरडले. त्यांचे डोळे मिटलेलेच.

मग मी एका लिफाफ्यावर लिहिलं आणि त्यांचा खांदा हलवून त्यांच्यापुढे धरलं, कधीपासून ऐकू येत नाही? त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"गणपती बसले तेव्हापासून."

मी खाली लिहिलं, सांगितलं काहून नाही?

"सांगितलं असतं तं तू पेटी सोडून दिली असती. हॉटेलात दिवसभर माणसं राहत होती. इथं तू येते, जेवते, झोपून जाते. पेटी उघडली तेव्हापासून रोज घंटाभर बाजूले बसून राहिली. पण काल पेचकस हातात धरूनच झोपली तू. म्हटलं, बस झालं आता."

मला लाज वाटली. बाप दोन महिने ठार बहिरा होता आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता. पत्ता लागायला बोलावं लागतं.

डबा आठ दिवसांनी परत आला. संध्याकाळी ऑफिसातून आले, चपलाही न काढता तो बसवला आणि बटण दाबलं. व्हरांडाभर गाणं वाजायला लागलं, स्वच्छ, एकही खरखर नाही. बाबांनी खुर्चीतून भुवया उंचावून विचारलं, वाजते काय? मी नाही म्हणून मान हलवली आणि पेचकस मागायला हात पुढे केला.